घटक ७ : विनामूल्य आणि मुक्त – पॅरिसमधील सार्वजनिक सांस्कृतिक कार्यक्रमांचा आस्वाद

७.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हांला :
• ‘फुकट’, ‘मोफत’, ‘विनामूल्य’ आणि ‘मुक्त’ या शब्दांतील अर्थच्छटांचा भेद सांगता येईल.
• पॅरिसमधील विनामूल्य सांस्कृतिक कार्यक्रमांचे प्रमुख प्रकार आणि त्यांमागील ऐतिहासिक कारणे स्पष्ट करता येतील.
• प्रवेशशुल्क नसतानाही काही माणसे सांस्कृतिक वास्तूंपासून दूर का राहतात, याची मीमांसा करता येईल.
• परक्या शहरातील, तसेच स्वतःच्या गावातील सार्वजनिक कार्यक्रमाचा डोळस आस्वाद घेऊन त्याची नोंद लिहिता येईल.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठी वाचकाला पॅरिस शहराचा परिचय झाला तो मुख्यतः प्रवासवर्णनांतून. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ने तर ते शहर मराठी घराघरांत नेऊन पोहोचवले. आज परिस्थिती पालटली आहे. शिक्षणासाठी, नोकरीच्या निमित्ताने, परदेशी स्थायिक झालेल्या मुलाकडे किंवा लेकीच्या बाळंतपणासाठी अनेक मराठी माणसे फ्रेंच भाषक शहरांत काही आठवडे, काही महिने राहून येतात. अशा मुक्कामात पहिला प्रश्न उभा राहतो तो पैशांचा. तेथील तिकिटाची किंमत मनातल्या मनात रुपयांत मांडली की पाय आपोआप मागे फिरतो, आणि मग मुक्कामाचे दिवस खिडकीतून रस्ता पाहण्यात निघून जातात.

वस्तुतः पॅरिसच्या सांस्कृतिक जीवनाचा बराच मोठा भाग कोणतेही शुल्क न देता अनुभवता येतो. तथापि ‘कुठे काय फुकट आहे’ याची यादी देणे हा या घटकाचा हेतू नाही. ही दारे कोणी, केव्हा आणि कशासाठी उघडली, हे आपल्याला समजून घ्यायचे आहे. ते समजले, की दारात उभ्या असलेल्या पाहुण्याच्या मनातील संकोच कमी होतो आणि आस्वादाला खोली येते.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ शब्दांचा विचार

प्रथम आपल्याच भाषेकडे पाहू. ज्याला मूल्य द्यावे लागत नाही त्यासाठी मराठीत अनेक शब्द आहेत. ‘फुकट’ या शब्दात अवहेलना आहे. ‘मेहनत फुकट गेली’ म्हणजे वाया गेली, ‘फुकटचा सल्ला’ म्हणजे न मागितलेला आणि म्हणून कमी किमतीचा. ‘मोफत’ हा फारसीतून आलेला शब्द व्यवहारातला आहे. त्यात तुच्छता नाही, पण औदार्याचा किंवा सवलतीचा भाव आहे. ‘विनामूल्य’ हा संस्कृतप्रचुर शब्द सार्वजनिक सूचनाफलकावर शोभतो. ‘मुक्त’ हा शब्द या सर्वांहून वेगळा आहे. तो पैशांविषयी बोलतच नाही. तो अडसर नसण्याविषयी बोलतो. तुम्ही ज्या विद्यापीठाचे विद्यार्थी आहात त्याच्या नावात हाच शब्द आहे, आणि या विद्यापीठाला शुल्क असूनही तो तेथे सार्थ आहे, हे ध्यानात घ्या.

फ्रेंच भाषेतही अशीच जोडी आढळते. ‘ग्रात्युई’ म्हणजे विनामूल्य. त्याचे मूळ ‘कृपा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी जोडलेले आहे. दुसरा शब्दप्रयोग ‘आंत्रे लीब्र’ हा आहे; त्याचा अर्थ ‘मुक्त प्रवेश’. पहिल्यात देणाऱ्याची कृपा आहे, दुसऱ्यात येणाऱ्याचे स्वातंत्र्य आहे. पॅरिसमधील कार्यक्रमांच्या फलकांवर हे दोन्ही शब्द तुम्हांला भेटतील.

तिसरा शब्दप्रयोग ‘लीब्र पार्तिसिपास्यों’ असा आहे. त्याचा अर्थ प्रवेशाला तिकीट नाही, पण कार्यक्रमानंतर ऐच्छिक रक्कम द्यावी. दाराशी टोपली ठेवलेली असते. मराठी माणसाला ही प्रथा परकी वाटण्याचे कारण नाही. कीर्तन संपल्यावर आरतीचे ताट श्रोत्यांतून फिरते, तेव्हा कोणी किती टाकले याकडे कोणी पाहत नाही; पण ताट पुढे सरकवताना आपण कशाचे ऋणी आहोत, हे प्रत्येकाला ठाऊक असते.

७.२.२ संग्रहालये : राजाचे धन, जनतेची मालमत्ता

पॅरिसमधील लूव्र हा मुळात राजवाडा. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १० ऑगस्ट १७९३ रोजी, तेथे जनतेसाठी संग्रहालय उघडण्यात आले. हा दिवस हेतुपुरस्सर निवडलेला होता. बरोबर एक वर्षापूर्वी, १० ऑगस्ट १७९२ रोजी, राजसत्ता कोसळली होती. राजाने, सरदारांनी आणि धर्मपीठाने जमवलेली चित्रे व शिल्पे आता राष्ट्राची झाली, अशी ती घोषणा होती. जी वस्तू आपलीच आहे ती पाहण्यासाठी पैसे कसे द्यायचे? म्हणून प्रवेश विनामूल्य होता.

हे तत्त्व कायम टिकले नाही. १९२२ पासून राष्ट्रीय संग्रहालयांना प्रवेशशुल्क लागू झाले. पुढील काळात वेगवेगळ्या सवलतींच्या रूपाने जुने तत्त्व अंशतः परत आले. आज अठरा वर्षांखालील सर्वांना राष्ट्रीय संग्रहालयांच्या स्थायी दालनांत विनामूल्य प्रवेश आहे. सव्वीस वर्षांखालील तरुणांची सवलत मात्र युरोपीय संघातील रहिवाशांपुरती आहे. म्हणजे पॅरिसमध्ये दीर्घ मुदतीच्या परवान्यावर शिकणारा मराठी विद्यार्थी तिला पात्र ठरतो, पण पंधरा दिवसांसाठी आलेला त्याचा समवयस्क भाऊ ठरत नाही. ‘जनता’ या शब्दाची सीमा कोठे आखायची, हा प्रश्न १७९३ मध्ये होता तसाच आजही आहे. ओर्से संग्रहालयासारख्या काही संस्था प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी सर्वांसाठी विनामूल्य खुल्या असतात. मात्र त्यासाठी वेळ आधी राखून ठेवावी लागते. असे नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या त्या संस्थेची ताजी सूचना पाहणे हिताचे.

राष्ट्रीय संग्रहालयांहून वेगळी अशी महानगरपालिकेची संग्रहालये आहेत. २००१ च्या अखेरीपासून त्यांपैकी बहुतेकांची स्थायी दालने कोणालाही, कोणत्याही देशाच्या नागरिकाला, विनामूल्य पाहता येतात. (विशेष प्रदर्शनांना तिकीट असते.) पॅरिस शहराचा इतिहास सांगणारे कार्नाव्हाले, १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेले पती पाले, आधुनिक कलेचे नगर संग्रहालय ही त्यांतील ठळक नावे. साहित्याच्या विद्यार्थ्याने आवर्जून पाहावीत अशी दोन घरेही त्यांत आहेत. प्लास दे व्होज या चौकातील घरात व्हिक्टर ह्यूगो १८३२ ते १८४८ या काळात राहत होते. पासी भागातील एका घरात ओनोरे द बाल्झाक यांनी १८४० ते १८४७ ही वर्षे काढली. तेथे त्यांचे लेखनाचे छोटे मेज ठेवलेले आहे. एवढ्याशा मेजावर केवढा कादंबरीसंसार उभा राहिला, हे पाहताना कोणत्याही वाचकाला भाषांतराची गरज भासत नाही.

७.२.३ प्रार्थनास्थळे : कायद्याने उघडे ठेवलेले दार

नोत्र-दाम कॅथेड्रलला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा खुले झाले. त्या सुमारास पर्यटकांकडून प्रवेशशुल्क घ्यावे, अशी सूचना पुढे आली होती; धर्मपीठाने तिला नकार दिला. या नकारामागे श्रद्धेइतकाच कायदाही आहे. धर्मसंस्था आणि राज्यसंस्था यांना विभक्त करणारा कायदा फ्रान्समध्ये १९०५ मध्ये झाला. कॅथेड्रल ही राज्याची मालमत्ता आहे आणि संरक्षित धार्मिक वास्तू पाहण्यासाठी कोणताही कर वा शुल्क आकारू नये, असे हा कायदा सांगतो. म्हणजे धर्मापासून अलग झालेल्या राज्याने देवळाचे दार सर्वांसाठी उघडे ठेवले!

या व्यवस्थेचा लाभ संगीतरसिकालाही होतो. पॅरिसच्या अनेक चर्चमध्ये ऑर्गन हे भव्य वाद्य विनामूल्य किंवा ऐच्छिक देणगीवर ऐकता येते. संत उस्ताश यांच्या नावाच्या चर्चमधील रविवार सायंकाळचे ऑर्गनवादन प्रसिद्ध आहे. हजारो नळ्यांतून निघणारा तो नाद दगडी कमानींवर आदळून परत येतो, तेव्हा वास्तूच वाद्य झाल्यासारखी वाटते. येथे एक पथ्य पाळावे. ही पूजास्थाने आहेत. वादन चालू असताना फिरणे, बोलणे किंवा छायाचित्रे घेणे अनुचित ठरते.

७.२.४ रस्त्यावरचे उत्सव : प्रेक्षक आणि कलावंत

दरवर्षी २१ जून रोजी, उत्तर गोलार्धातील सर्वांत मोठ्या दिवसाच्या सुमारास, ‘फेत द ला म्युझिक’ हा संगीतोत्सव साजरा होतो. त्याची सुरुवात १९८२ मध्ये झाली. त्या वेळी जाक लांग सांस्कृतिक मंत्री होते आणि मोरिस फ्लरे हे संगीत व नृत्य विभागाचे संचालक होते. फ्रान्समध्ये सुमारे पन्नास लक्ष लोक एखादे वाद्य वाजवतात, असे एका पाहणीतून आढळले होते. पण ही वाद्ये घरांतच राहत होती. ती रस्त्यावर आणण्याची ही कल्पना. उत्सवाच्या नावातच श्लेष आहे. ‘फेत द ला म्युझिक’ या उच्चाराचा एक अर्थ ‘संगीताचा उत्सव’, तर वेगळ्या लेखनाने त्याच उच्चाराचा दुसरा अर्थ ‘संगीत करा’ असा होतो. एक नाम, एक आज्ञार्थ! या रात्री कोपऱ्यावरचा हौशी तबलजीही तितकाच अधिकारी असतो जितका मंचावरचा नामवंत गायक.

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी ‘वारसा दिन’ असतात. १९८४ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेला हा उपक्रम १९९१ पासून युरोपभर पसरला. एरवी बंद असलेल्या वास्तू – राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान, संसदेचे वरिष्ठ सभागृह, नगरभवन – या दिवशी नागरिकांना पाहता येतात. रांगा लांब असतात, पण त्या रांगेतच शेजारच्या फ्रेंच आजोबांशी पहिले संभाषण होण्याचा संभव असतो.

‘न्युई ब्लांश’, म्हणजे जागरणाची रात्र, हा उपक्रम पॅरिसच्या नगरपालिकेने २००२ मध्ये सुरू केला. रात्रभर शहरातील वास्तू, पूल, बागा यांत आधुनिक कलाकृती मांडल्या जातात. पहिल्याच वर्षी एक गंभीर प्रसंग घडला. नगरभवनाची दारे सर्वांसाठी उघडली होती. त्या गर्दीत एका इसमाने महापौर बर्त्रां दलानोए यांच्यावर चाकूने वार केला. जखमी महापौरांनी उत्सव थांबवू नये, अशी इच्छा व्यक्त केली. उपक्रम पुढील वर्षांतही चालू राहिला. उघड्या दाराचीही काही किंमत असते आणि ती कोणीतरी मोजत असते, हे या प्रसंगातून लक्षात येते. आज तुमची पिशवी दाराशी तपासली जाते, तिचा राग न मानण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) रिकाम्या जागी योग्य शब्द लिहा.
१. लूव्र संग्रहालय जनतेसाठी ______ साली खुले झाले.
२. ‘आंत्रे लीब्र’ म्हणजे ______ प्रवेश.
३. ‘फेत द ला म्युझिक’ या नावात ______ हा शब्दालंकार आहे.
(आ) संरक्षित धार्मिक वास्तूंना फ्रान्समध्ये प्रवेशशुल्क का नाही, ते एका वाक्यात सांगा.

७.२.५ कॉलेज द फ्रान्स : पदवी नसलेले ज्ञानपीठ

मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला सर्वांत जवळची वाटावी अशी पॅरिसमधील संस्था म्हणजे ‘कॉलेज द फ्रान्स’. पहिला फ्रान्स्वा या राजाने विद्वान गियोम ब्युदे यांच्या आग्रहावरून १५३० मध्ये काही ‘राजकीय अध्यापक’ नेमले. तत्कालीन पॅरिस विद्यापीठ ज्यांकडे दुर्लक्ष करत होते ते विषय – ग्रीक, हिब्रू, गणित – त्यांनी शिकवावेत, अशी योजना होती. त्यातून ही संस्था वाढली. ‘सर्व काही शिकवते’ अशा अर्थाचे तिचे लॅटिन ब्रीद आहे. येथे प्रवेशअर्ज नाही, हजेरी नाही, परीक्षा नाही आणि पदवीही नाही. व्याख्यानाच्या वेळी यावे, जागा असेपर्यंत बसावे, ऐकावे. विसाव्या शतकाच्या आरंभी आंरी बर्गसाँ यांना ऐकायला येथे गर्दी लोटत असे. पुढे मिशेल फुको यांच्या व्याख्यानांना सभागृह अपुरे पडत असे. उन्हाळ्याच्या सुट्टीत व्याख्याने नसतात, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

या संस्थेचे आपल्याशी थेट नाते आहे. युरोपातील संस्कृतचे पहिले अध्यासन येथे १८१४ मध्ये स्थापन झाले. याच संस्थेत १९३७ ते १९५१ या काळात ज्यूल ब्लॉक हे प्राध्यापक होते. मराठी भाषेच्या जडणघडणीचा इतिहास मांडणारा त्यांचा फ्रेंच ग्रंथ १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने त्याचा अनुवाद केला. भाषाविज्ञानाच्या अभ्यासात हे नाव तुमच्या वाचनात आले असेल किंवा येईल. ज्ञानेश्वरांच्या भाषेचा बारकाईने विचार करणारा एक विद्वान या संस्थेत शिकवत होता आणि दार कोणालाही उघडे होते, ही जाणीव घेऊन तुम्ही तेथील बाकावर बसलात, तर तुम्ही केवळ परके राहत नाही.

अशी परंपरा आपल्याकडे नाही असे समजू नये. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात १८७५ मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला, आणि पुढे गावोगावी रुजलेल्या व्याख्यानमाला, याच ज्ञानदानाच्या आपल्या वाटा आहेत.

७.२.६ अदृश्य उंबरठा

आता या घटकातील सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाकडे येऊ. तिकीट काढून टाकले, की दार खरोखर सर्वांना उघडते काय?

समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू आणि आलँ दार्बेल यांनी युरोपातील संग्रहालयांच्या प्रेक्षकांचा अभ्यास करून १९६६ मध्ये ‘कलेवरील प्रेम’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. शिक्षण जितके अधिक तितके संग्रहालयात जाण्याचे प्रमाण अधिक, असे त्यांना आढळले. खिशातील पैशांपेक्षा शाळेत आणि घरात मिळालेली ओळख अधिक निर्णायक ठरत होती. ज्यांना ती मिळाली नव्हती ते कोणी अडवले नसतानाही ‘हे आपल्यासाठी नाही’ असे मानून स्वतःच दूर राहत होते. आत आलेल्या कामगार प्रेक्षकांची अपेक्षा साधी होती : दिशा दाखवणारे बाण असावेत, समजावून सांगणारे फलक असावेत. एकटे, अज्ञानी आणि उघडे पडल्यासारखे वाटू नये, एवढेच त्यांना हवे होते. हेच बुर्द्यू १९८१ मध्ये कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक झाले, हेही नोंदवण्याजोगे आहे.

हा निष्कर्ष केवळ फ्रान्सपुरता नाही. तुमच्यापैकी अनेकांनी मध्येच शिक्षण सोडले असेल, संसार, शेती, नोकरी सांभाळून वयाच्या तिशी-चाळिशीनंतर पुन्हा पुस्तक हाती घेतले असेल. अभ्यासकेंद्राच्या दारात पहिल्या दिवशी जी चलबिचल झाली ती आठवा. ‘या वयात? आपल्याला जमेल?’ संग्रहालयाच्या पायऱ्यांवर नेमकी तीच चलबिचल होते. तेथे ‘माझे कपडे, माझी भाषा, माझे अज्ञान’ असे तिचे रूप असते, इतकेच. शुल्क हा दिसणारा उंबरठा आहे. हा दुसरा उंबरठा दिसत नाही. पहिला शासन काढू शकते. दुसरा ओलांडायला माहिती, सोबत आणि थोडे धैर्य लागते. आणि ज्याने अभ्यासकेंद्राचा उंबरठा एकदा ओलांडला आहे त्याच्याजवळ हे धैर्य असते.

७.२.७ आस्वादाची पूर्वतयारी

पुढील पथ्ये साधी आहेत, परंतु त्यांनी अनुभवात फरक पडतो.

१. आत शिरताना ‘बोंझूर’, म्हणजे नमस्कार, म्हणावे. फ्रेंच व्यवहारात अभिवादनाशिवाय प्रश्न विचारणे उद्धटपणाचे मानतात. पहिला शब्द त्यांच्या भाषेत आला, की पुढचे इंग्रजी वा खाणाखुणाही गोडीने ऐकून घेतल्या जातात.
२. फलक नीट वाचावा. ‘जागा असेपर्यंत’ अशी सूचना असल्यास अर्धा-पाऊण तास आधी पोहोचावे. ‘रेझर्व्हास्यों’ हा शब्द दिसल्यास प्रवेश विनामूल्य असूनही नाव आधी नोंदवावे लागते.
३. सर्व दालने एका दिवसात पाहू नयेत. पुन्हा पैसे द्यावयाचे नसल्याने पुन्हा येता येते, हीच विनामूल्य प्रवेशाची खरी श्रीमंती. एका भेटीत एक दालन, आणि त्यातील एका कलाकृतीसमोर किमान दहा मिनिटे.
४. ऐच्छिक देणगी असेल तेथे ऐपतीप्रमाणे द्यावे. काहीच देणे शक्य नसेल तर लाजू नये. पण कार्यक्रम मध्येच सोडून उठू नये. एकाग्र श्रोता हीही कलावंताला मिळालेली बिदागीच.
५. त्याच दिवशी मराठीत नोंद लिहावी : काय पाहिले, काय समजले नाही, कशाची आठवण झाली. न समजलेल्याची नोंद अधिक मोलाची. पुढच्या भेटीचे कारण तीच ठरते.

७.३ सारांश

पॅरिसमधील विनामूल्य सांस्कृतिक कार्यक्रमांना वेगवेगळी कारणे आहेत. संग्रहालयांमागे राज्यक्रांती, प्रार्थनास्थळांमागे १९०५ चा कायदा, रस्त्यावरच्या उत्सवांमागे शासनाचे व नगरपालिकेचे धोरण, तर कॉलेज द फ्रान्समागे १५३० पासूनची ज्ञानपरंपरा आहे. जे विनामूल्य आहे त्याचे मूल्य कोणीतरी, बहुधा नागरिकांनी करांच्या रूपाने, दिलेले असते; म्हणून ते ‘फुकट’ नसते. शुल्क नाहीसे झाले तरी संकोचाचा अदृश्य उंबरठा उरतो, असे बुर्द्यू आणि दार्बेल यांच्या अभ्यासातून दिसते. दार उघडे असणे ही समाजाची जबाबदारी. ‘हे माझ्यासाठीही आहे’ असे म्हणून आत पाऊल टाकणे ही आपली.

७.४ पारिभाषिक शब्द

स्थायी दालन : संग्रहालयाच्या स्वतःच्या संग्रहातील वस्तू कायम मांडलेले दालन.
अध्यासन : विशिष्ट विषयासाठी निर्माण केलेले प्राध्यापकपद.
ऐच्छिक देणगी : सक्ती नसलेली, श्रोत्याने स्वेच्छेने द्यावयाची रक्कम.

७.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

(अ) १. १७९३ २. मुक्त ३. श्लेष
(आ) १९०५ च्या कायद्यानुसार अशा वास्तू पाहण्यासाठी कर वा शुल्क आकारता येत नाही.

७.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ या शब्दांतील अर्थभेद स्वतःच्या व्यवहारातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
२. ‘शुल्क नसणे म्हणजे सर्वांना प्रवेश असणे नव्हे.’ या विधानाची चर्चा करा.
३. कॉलेज द फ्रान्स आणि आपल्याकडील व्याख्यानमाला यांतील साम्यभेद लिहा.

७.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावातील किंवा जिल्ह्यातील असे एक विनामूल्य सांस्कृतिक ठिकाण वा कार्यक्रम निवडा, की जेथे तुम्ही आजवर कधीही गेला नाहीत : वस्तुसंग्रहालय, सार्वजनिक ग्रंथालय, व्याख्यानमाला, कीर्तन किंवा चित्रप्रदर्शन. आजवर का गेला नाहीत, याचे प्रामाणिक उत्तर प्रथम पाच ओळींत लिहा. नंतर शक्य असल्यास घरातील अशा एखाद्या व्यक्तीला सोबत घेऊन तेथे जा, जिला ‘ते आपल्यासाठी नाही’ असे वाटते. परत आल्यावर दोघांच्या अनुभवांची नोंद सुमारे ३०० शब्दांत लिहून अभ्यासकेंद्रातील संमंत्रकांना दाखवा.